‘फाइलीत आता कोण लिहितं?’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर टाइप केलं आणि पाठवलं नाही, कारण त्यात रागच जास्त होता. आज सकाळी तर्री-पोहे पोटात गेल्यावर पुन्हा वाचली, तेव्हा दिसलं की तुमच्या निम्म्या गोष्टी सोळा आणे खऱ्या आहेत. एका ठिकाणी मात्र तुम्हीही घसरलात, तेही सांगतो.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पीएचपीतून (वेबसाइटच्या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेतून) फाइल आणि फोल्डर हाताळण्यावरच्या माझ्या लेखाबद्दल या वाचकांचं म्हणणं असं की, पावती क्रमांकाचा नमुना दोन माणसं एकदम आली की फसतो. ‘परमिशन डिनाइड आलं तर ७७७ करून बघा’ हा सल्ला बेजबाबदार आहे, ७५५ सांगायला हवं होतं (सोबत त्यांनी कोडची एक ओळही दिली). या आकड्यांत फोल्डरच्या परवानग्या लिहितात: ७७७ म्हणजे साऱ्या जगाला लिहायची मोकळीक, ७५५ म्हणजे ती फक्त मालकाला. डेटाबेस असताना फाइलीत आता कोण लिहितं. आणि मराठी नावांच्या फाइलींचा भाग मी निव्वळ हौसेपोटी घातला, नाव सरळ इंग्रजीत ठेवावं. शेवटचं वाक्य होतं, ‘मराठीत लिहिता म्हणून चुका माफ होत नाहीत.’ ते लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं.

पावतीपासून सुरू करतो. लेखातला नमुना असा होता: फाइल वाचायला उघडा, आकडा घ्या, त्यात एक मिळवा, मग तीच फाइल ‘डब्ल्यू’ (लिहिण्याच्या) मोडमध्ये उघडा, एफलॉक या फंक्शनने कुलूप लावा (म्हणजे आपलं होईतो दुसऱ्यानं थांबावं), नवा आकडा लिहा, बंद करा. कुलूप आहे म्हणजे काळजी नाही, असं मी ठोकून दिलं होतं. तुम्ही म्हणालात, दोघांना एकच क्रमांक मिळेल. तुम्ही सौम्यपणे बोललात हो. एकच क्रमांक दोघांना मिळणं हा यातला त्यातल्या त्यात बरा प्रकार आहे.

वाईट प्रकार मी पाहिलेला होता, फक्त तो काय होता ते मला कळलं नव्हतं. बरीच वर्षं झाली. कळमन्याच्या बाजारात एका संत्रा व्यापाऱ्याच्या गाळ्यावर पावत्यांचं छोटं काम करून दिलं होतं. आंबिया बहाराचे दिवस, पहाटेपासून गाड्या लागलेल्या. दोन टेबलांवर दोन पोरं बसायची आणि दोघांचे कॉम्प्युटर मागच्या खोलीतल्या एका जुन्या मशीनवरचं माझं पान उघडायचे. सकाळी सातला मुनीमजींचा फोन : ‘भाऊ, चारशे अठरानंतर पावती डायरेक्ट एक नंबरची निघून राहिली ना! काऊन बा?’ मी स्कूटरनं पोहोचेपर्यंत पावती नऊवर आली होती. फाइल उघडून आकडा हातानं ४२७ केला, संध्याकाळी सगळं मायएसक्यूएल डेटाबेसच्या ऑटो इन्क्रिमेंटवर (क्रमांक डेटाबेसच वाढवतो) नेलं आणि विषय संपवला. मशीन तापलं असेल, असं मुनीमजींना सांगितल्याचं आठवतं. नागपुरात हे कारण एरवी खपून जातं, पण तेव्हा नोव्हेंबर चालू होता.

तुमच्या प्रतिक्रियेनंतर परवा रात्री ते जुनं कोडं सुटलं. ‘डब्ल्यू’ मोडमध्ये फाइल उघडली की ती त्याच क्षणी रिकामी होते. कुलूप त्यानंतर लागतं. म्हणजे पहिल्या टेबलानं फाइल उघडली, ४१७ पुसला गेला आणि नवा ४१८ अजून लिहायचा आहे, एवढ्या पापणी लवण्याच्या वेळात दुसऱ्या टेबलानं फाइल वाचली तर हाती येते रिकामी ओळ. पीएचपी रिकाम्या ओळीचा पूर्णांक शून्य धरते. शून्यात एक मिळवला की एक. चोरी झाल्यावर दाराला कुलूप, तसला प्रकार.

शिवाय वाचणाऱ्यानं कुलूप मागितलंच नव्हतं. लिनक्सवर एफलॉकचं कुलूप हे कुलूप कमी आणि ‘आत कोणीतरी आहे’ अशी पाटी जास्त. जो कोड ती पाटी वाचतो तोच थांबतो. न वाचता दार ढकलणाऱ्याला कोणी अडवत नाही. विंडोजवर ते सक्तीचं असतं, त्यामुळे घरच्या लॅपटॉपवर एक अनुभव येतो आणि सर्व्हरवर दुसरा.

मग बरोबर पद्धत कोणती? फाइल एकदाच उघडायची, ‘सी प्लस’ मोडमध्ये. फाइल नसेल तर ती तयार होते आणि असेल तर तिला धक्का लागत नाही. मग कुलूप, मग वाचणं, मग एफट्रंकेटनं शून्यावर कापणं, मग रिवाइंड (काटा, म्हणजे वाचण्या-लिहिण्याची जागा, सुरुवातीला नेणं), मग लिहिणं, एफफ्लश (लिहिलेलं लगेच फाइलीत ढकलणं) आणि शेवटी कुलूप उघडणं. वाचण्यापासून लिहिण्यापर्यंतचा सगळा व्यवहार एकाच कुलपाच्या आत व्हायला हवा, खरी गोम तिथे आहे. त्यातही रिवाइंड विसरू नका. ४१८ वाचल्यावर फाइलीतला काटा तिसऱ्या बाइटच्या पुढे उभा असतो आणि एफट्रंकेट फाइल कापतं, काटा हलवत नाही. तसंच लिहिलंत तर सुरुवातीला तीन शून्य-बाइट भरले जातात आणि त्यांच्यामागे ४१९ बसतो. एडिटरात ते बाइट कधी दिसतात, कधी नाही. पुढच्या वेळी पीएचपी त्याचा पूर्णांक करायला जाते आणि पुन्हा शून्य. मुनीमजींचा पुन्हा फोन.

कोणी म्हणेल, फाइल पुट कंटेंट्स या एका दमात फाइल लिहिणाऱ्या फंक्शनला लॉक एक्सचा झेंडा (कुलपाचा पर्याय) दिला की झालं. ते फंक्शन खरंच शहाणं आहे. झेंडा दिला तर आधी कुलूप लावतं आणि मगच फाइल रिकामी करतं. पण ते फक्त लिहितं. आकडा तुम्ही आधीच, कुलपाबाहेर वाचलेला असतो. म्हणजे एकपासून सुरू होणं टळेल, पण दोन सारख्या क्रमांकांचा तुमचा आक्षेप जिथल्या तिथे राहील.

‘फाइल आहे का ते आधी बघा आणि नसेल तर बनवा’ हा माझ्या लेखातला दुसरा नमुनाही याच रोगानं आजारी आहे. बघणं आणि बनवणं यांच्यामध्ये दुसरा माणूस शिरतो. तिथे ‘एक्स’ मोड वापरा, फाइल आधीपासून असेल तर तो उघडायलाच नकार देतो. फोल्डरचंही तेच: आधी एमकेडिर (फोल्डर बनवायचं फंक्शन) करून मोकळं व्हा आणि नकार आला तर फोल्डर दुसऱ्या कोणी बनवलाय का ते बघा.

आता ७७७. मी ‘करून बघा’ लिहिलं होतं, ‘तसंच ठेवा’ नव्हतं. पण हा बचाव वकिली झाला. शिकणारं पोरगं करून बघतं, चालतं आणि मग ते जन्मभर तसंच राहतं. परवानगी नाकारली जाते तेव्हा आधी विचारायचा प्रश्न असा की, पीएचपी कोणत्या नावानं चालते आहे? उबुंटूवर अपाचेसोबत बहुधा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा असतं, आणि फोल्डर तुम्ही स्वतःच्या नावानं बनवलेला असतो. मालक बदला, आकडा बदलायची गरजच पडत नाही. ती ओळ मी मागे घेतो.

पण भाऊ, तुम्ही दिलेली ओळ परत वाचा. सीएचमॉडला (परवानग्या बदलणाऱ्या फंक्शनला) तुम्ही नुसतं ७५५ दिलंय, आधी शून्य नाही. पीएचपीला शून्याशिवायचा आकडा हा साधा दशमान आकडा वाटतो, आणि दशमान ७५५ म्हणजे अष्टमान (आठच्या पायावरची मोजणी, परवानग्या तिच्यातच लिहितात) १३६३. त्याचा अर्थ लावू या. सुरुवातीचा एक म्हणजे स्टिकी बिट, तो सोडा. मालकाला तीन, म्हणजे लिहिता येईल, आत शिरता येईल, पण आतली यादी वाचता येणार नाही. गटाला सहा. आणि बाकी साऱ्या जगाला तीन, म्हणजे लिहायची आणि शिरायची मोकळीक. मालकाला स्वतःच्या घरातलं सामान मोजता येत नाही आणि रस्त्यावरच्या कोणालाही सामान आणून टाकता येतं! एमकेडिर असतं तर उमास्कनं (नव्या फाइल-फोल्डरच्या परवानग्या कमी करणाऱ्या सेटिंगनं) थोडी काटछाट केली असती, सीएचमॉड तर सांगाल ते जसंच्या तसं करतं. पीएचपी ८.१ पासून शून्यानंतर ‘ओ’ लावूनही अष्टमान लिहिता येतं. ते डोळ्यांना चटकन दिसतं, म्हणून मी आता तसंच लिहितो. हा चिमटा नाही, ही चूक मी स्वतः दोनदा केली आहे.

‘फाइलीत आता कोण लिहितं?’ तुम्ही लिहिता. रोज. पीएचपीचं सेशन (एका माणसाची पानोपानी लक्षात ठेवलेली माहिती), वेगळं काही सांगितलं नाही तर, सर्व्हरवरच्या फाइलीतच राहतं. सेशन स्टार्ट म्हटलं की त्या माणसाची सेशन फाइल उघडते, तिला कुलूप लागतं आणि पान संपेपर्यंत सुटत नाही. म्हणून एकाच माणसानं एका टॅबमध्ये जड अहवाल काढायला लावला की दुसऱ्या टॅबमधलं साधं पानही गोल-गोल फिरत बसतं. लोक डेटाबेसला दोष देतात, इंडेक्स वाढवतात, रॅम वाढवतात. अहवाल सुरू करण्याआधी सेशन राइट क्लोजची एक ओळ घातली की दुसरा टॅब मोकळा होतो. फाइलींचं कुलूप न शिकलेल्या माणसाला हे कसं सुचावं?

पावती क्रमांक डेटाबेसमध्येच हवा, हे मान्य. कळमन्यात मी तेच केलं होतं. फक्त ते का केलं, हे मला आत्ता कळलं. आणि एसक्यूलाइट घेतलंत तर अख्खा डेटाबेस ही एक फाइलच असते. तिच्या फोल्डरवर पीएचपीला लिहायची परवानगी नसेल तर तेही हटून बसतं, कारण त्याला शेजारी स्वतःची जर्नल फाइल बनवायची असते. फिरून आपण परवानग्यांपाशीच आलो.

राहिलं मराठी नावांचं. इथे मात्र मी मागे हटणार नाही, कारण हौस बाजूला ठेवली तरी हा भाग लेखात हवाच होता. ‘नागपूर’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो. पीएचपीचं एसटीआरलेन हे लांबी मोजणारं फंक्शन त्याला १८ म्हणतं, कारण काना आणि ऊकार धरून त्यात सहा चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टीमवर (डिस्कवर फाइली ठेवायच्या पद्धतीत) एका फाइलनावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी नावाला ती पुरून उरते. मराठीत ८५ चिन्हांवर संपते, आणि त्यात प्रत्येक मात्रा, अनुस्वार, हलन्त मोजला जातो. सरकारी परिपत्रकाच्या अख्ख्या विषयाचंच फाइलनाव करणारे लोक आपल्याकडे आहेत. ते ८५ आरामात ओलांडतात.

त्याहून चमत्कारिक आहे आपला ‘ऱ’. एका संस्थेच्या साइटवर ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाची फाइल होती. यादीत दिसायची, फोल्डरमध्ये दिसायची, लिंकवर टिचकी मारली की ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’. दोन्हीकडची नावं शेजारी-शेजारी ठेवून मी अर्धा तास बघत होतो, एका रेघेचाही फरक नव्हता. शेवटी बाइट मोजले. एक नाव ४६, दुसरं ४९. ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक अखंड चिन्ह म्हणून किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता (टिंब) अशी जोडी करून. फाइल एका जुन्या मॅकवरून आली होती आणि मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टीम नावं अशी सुटी करून ठेवायची. लिंक टाइप करणाऱ्याच्या कीबोर्डनं अखंड ‘ऱ’ दिला होता. लिनक्स फक्त बाइट बघतं, त्याच्या लेखी या दोन वेगळ्या फाइली. पीएचपीच्या इंटल एक्स्टेन्शनमधल्या नॉर्मलायझरनं दोन्ही नावं एका रूपात आणली की प्रश्न मिटतो. पण हे इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये कशाला सापडेल? ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘कर्मचाऱ्यांचे’ हे दुखणं त्यांचं नाहीच.

‘नाव इंग्रजीत ठेवा’ हा तुमचा उपाय आपल्या स्वतःच्या फाइलींना चालेल. अपलोड करणाऱ्याला कोण सांगणार? आणि इंग्रजी नाव म्हणजे निर्धोक नाव असंही नाही. दोन टिंबं-स्लॅश घालून वरच्या फोल्डरात चढणारं नावही इंग्रजीच असतं. म्हणून मी आता आलेल्या नावाला डिस्कवर जागाच देत नाही. १६ रँडम बाइट घ्यायचे, त्यांची ३२ अक्षरांची हेक्स ओळ करायची, तेच डिस्कवरचं नाव, फाइल वेब फोल्डरच्या बाहेर, आणि माणसानं दिलेलं मूळ नाव, ‘ऱ’ सकट, डेटाबेसच्या रकान्यात. बघा, तुमचा डेटाबेस इथेही आला.

मूळ लेखातला पावतीचा नमुना आज काढला आणि ‘सी प्लस’चा टाकला. ७७७ ची ओळ गेली. तुमची प्रतिक्रिया लेखाखाली जशी आहे तशीच राहील, तिला मी हात लावणार नाही. ७५५ च्या आधीचं शून्य तेवढं तुम्हीच लावा.