पवईची मशीन फक्त आयआयटीवाल्यांची? अजिबात नाही

सध्या एक फॉरवर्ड शिक्षकांच्या आणि एमएससी-पीएचडीवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: आयआयटी मुंबईत करोडोंची मशीन कुलुपात पडून असतात, बाहेरच्या कॉलेजच्या पोरांना तिथे कोणी दारात उभं करत नाही, वेगवेगळ्या शाखा एकत्र आणणारी सेंटरं म्हणजे फंड आणायला लावलेल्या पाट्या आहेत, तिथून उपयोगाचं काही निघालं नाही आणि खेड्याशी तर त्यांचा काडीचा संबंध नाही. हे वाचून लातूर-चिपळूणकडचं एखादं हुशार पोरगं अर्जच करणार नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"बाहेरच्यांना प्रवेश नाही." अहो, पवईचं सैफ, म्हणजे महागड्या तपासणी मशीनचं सामायिक केंद्र, १९७६ साली आरएसआयसी नावाने सुरू झालं तेच मुळी बाहेरच्यांसाठी, केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या पैशातून, कारण एनएमआर (चुंबकाच्या मदतीने रेणूची रचना दाखवणारं) किंवा टीईएम (इलेक्ट्रॉनचा मायक्रोस्कोप) यांसारखं मशीन प्रत्येक कॉलेजला परवडणं शक्यच नव्हतं. कॉलेज-विद्यापीठांचा दर वेगळा, कंपन्यांचा वेगळा. स्वतः जायलाच पाहिजे असंही नाही, बऱ्याच टेस्टना सॅम्पल पाठवून भागतं. टीईएमचं बघा, पावडर अल्कोहोलमध्ये नीट पसरवायची आणि तिचा एक थेंब ३ मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर वाळवायचा, बस, एवढ्याशा जाळीवरून तुमच्या कणांचा आकार नॅनोमीटरमध्ये दिसतो. शिवाय २०२० पासून आय-स्टेम पोर्टल आहे, देशभरात कुठे कुठलं मशीन आहे ते तिथे शोधता येतं आणि स्लॉटही मागता येतो.

"मग दाराला कुलूप का?" नॅनोफॅबच्या, म्हणजे अतिसूक्ष्म इलेक्ट्रॉनिक डिव्हाइस बनवायच्या लॅबच्या, क्लीनरूमचं (जवळजवळ धूळ नसलेल्या खोलीचं) दार बंद दिसतं हे खरंच आहे. पण आत सिलेन गॅस असतो, तो हवा लागली की आपोआप पेटतो. हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, ते कातडीतून आत उतरून हाडापर्यंत पोचतं आणि सौम्य असलं तर सुरुवातीला दुखतही नाही. तिथे कोणालाही असंच कसं सोडणार? आधी ट्रेनिंग, मग डोक्यापासून पायापर्यंत सूट, मग आत. आणि हे ट्रेनिंग बाहेरच्यांना मिळतं बरं का! २००८ पासून आयएनयूपी नावाचा सरकारी कार्यक्रम आहे, पवई आणि बेंगळुरूच्या आयआयएससीने मिळून सुरू केलेला, दुसऱ्या कॉलेजांतले शिक्षक आणि रिसर्च स्कॉलर तिथे येऊन शिकतात आणि स्वतःची डिव्हाइस बनवतात.

रांग मोठी असते, मशीन बंद पडलं की पार्ट यायला महिने जातात, ही तक्रार मात्र रास्त आहे. तिच्यावर जरूर भांडा. एनएमआरचा चुंबक वापरात असो-नसो, लिक्विड हेलियममध्ये थंड ठेवावाच लागतो, म्हणजे घेतानाचा पैसा एकदाच पण सांभाळायचा खर्च कायमचा, आणि नेमकं त्याच पैशाबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही.

"उपयोगाचं काही निघालं नाही." कार-टी थेरपी विसरलात का? पेशंटच्या रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी काढायच्या, कॅन्सरची पेशी ओळखणारं जनुक त्यांच्यात घालायचं, त्या वाढवायच्या आणि परत त्याच पेशंटला द्यायच्या. पवईची बायोसायन्सेस-बायोइंजिनिअरिंगची लॅब आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर एकत्र आले तेव्हा हे झालं, नुसत्या लॅबच्या किंवा नुसत्या हॉस्पिटलच्या बळावर झालं नसतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्या या थेरपीला, नेक्सकार१९ ला, मंजुरी मिळाली, ती भारतातली पहिली कार-टी. परदेशातल्या खर्चाच्या साधारण दहाव्या हिश्शात होते, तरी सामान्य घराला ती रक्कम अजून झेपत नाही आणि ती खाली यायलाच हवी.

आणि सेंटरं म्हणजे नुसत्या पाट्या म्हणत असाल तर वैद्यकीय उपकरणं बनवणारं २०१४ चं बेटिक घ्या, महाराष्ट्राच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीचं, पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी सोबत. डॉक्टर, मेकॅनिकलवाले, डिझाइनवाले एका टेबलाशी बसतात. साध्या स्टेथोस्कोपला जोडून छातीचा आवाज मोठा करणारं आयुसिंक तिथलंच, कोविडमध्ये पीपीई किटमधल्या डॉक्टरांना त्याने लांबूनही आवाज ऐकता येत होता.

"खेड्याशी संबंध नाही" हे तर सरळ खोटं आहे. सितारा हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं सेंटर १९८५ पासून आहे. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, त्यात गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत याच लोकांनी बसवून दिली. पाऊस किती, माती कुठली, उतार कसा, पीक कुठलं, यावरून किती पाणी वाहून गेलं, किती मुरलं आणि पिकाला किती कमी पडतंय हे काढायचं आणि मग ठरवायचं की या शिवारात अजून शेततळी झेपतील का नाही. मराठवाडा, विदर्भ, जळगाव-नाशिक धरून पाच हजारांवर गावं त्या प्रकल्पात आली. तुमचं गाव त्यात असेल तर कृषी सहायकाला (आता पदाचं नाव सहायक कृषी अधिकारी) विचारा, ताळेबंद बघायला मागा.

आणि ज्या पोरांना सॅम्पल पाठवायचंय त्यांनी आधी सैफच्या साइटवर त्या मशीनचं पान नीट वाचा, सॅम्पल किती आणि कशात विरघळलेलं हवं ते गाईडसोबत बसून ठरवा आणि रांग लक्षात घेऊन थीसिस सबमिट करायच्या बरेच महिने आधी अर्ज टाका.