मुख्यमंत्रिपदाची पाळी आणि पाण्याची पाळी

माझ्या वडिलांची चार एकर जमीन परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरच्या एका चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या लहान पाटाच्या, अगदी शेवटाला आहे. लहानपणी आवर्तन, म्हणजे कालव्याला ठरावीक दिवसांचे पाणी, सुटण्याच्या दिवसांत पाणी वाटणारा पाटकरी घरी यायचा, त्याच्याकडे शेजपाळीचा कागद असायचा आणि त्यावर कोणत्या गटाला कोणत्या वारी किती तास पाणी मिळणार हे लिहिलेले असायचे. शेजपाळीचा नियम असा की पाणी आधी शेवटच्या टोकाच्या शेताला द्यायचे आणि मग वर सरकत यायचे. प्रत्यक्षात वरचे लोक रात्री चारीची दारे मोडून पाणी घेत असत, आणि आमच्या वाट्याला बहुतेक वेळा ओली माती येई. पण निदान तक्रार करायला तो कागद होता. "आमची पाळी बुधवारची होती, पाणी आले नाही," असे वडील कालवा निरीक्षकाला ठणकावून सांगू शकत होते.

विधानसभेची निवडणूक जवळ आली की "आता पाळी आपल्या विभागाची" हे वाक्य ऐकू येऊ लागते, आणि ते ऐकले की मला तो कागद आठवतो. मुख्यमंत्री विदर्भाचा व्हावा, मराठवाड्याचा व्हावा, उत्तर महाराष्ट्राला तर ते पद आजवर एकदाही मिळालेले नाही, ही भावना खोटी नाही आणि तिची चेष्टा करण्याचा अधिकार कुणालाही नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ही पाळी कुठल्याच कागदावर लिहिलेली नाही, ती आली की नाही हे मोजता येत नाही, आणि म्हणूनच निवडणुकीच्या बाजारात ती इतकी सहज विकता येते.

जे कागदावर लिहिले होते ते निराळे होते. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करारावर सह्या झाल्या, तेव्हा विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रातल्या नेत्यांनी एकमेकांकडे मुख्यमंत्र्याची खुर्ची मागितली नव्हती. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, मराठवाड्याकडे विशेष लक्ष, सरकारी नोकऱ्यांत वाटा, वर्षातून एक अधिवेशन नागपूरला, अशा मोजता येतील अशा गोष्टी त्यांनी मागितल्या होत्या. पुढे राज्यघटनेच्या ३७१(२) या कलमातही निधीचे समन्यायी वाटप, तंत्रशिक्षण आणि नोकऱ्यांच्या संधी यांचीच भाषा आली. मुख्यमंत्री कोणत्या विभागाचा असावा याबद्दल त्या करारातही एक अक्षर नाही आणि त्या कलमातही नाही.

पद मिळाल्याने विभागाचे काय होते, हे पाहायला आपल्याकडे पुरेशी उदाहरणे आहेत. एकट्या यवतमाळ जिल्ह्याने, त्यातही एकट्या पुसदने, राज्याला दोन मुख्यमंत्री दिले. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर होते, आणि कृषी विद्यापीठे, रोजगार हमी ही त्यांच्या काळातली कामे मोठीच आहेत. सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात मुख्यमंत्री होते. त्याच यवतमाळचे नाव पुढे देशभर गेले ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. लातूर जिल्ह्याने शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख असे दोन मुख्यमंत्री दिले, आणि विलासराव तर दोनदा झाले. त्याच लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांतून पाच लाख लिटर पाणी आले, ते स्वागताचे दृश्य वाहिन्यांनी दिवसभर दाखवले. नांदेडचे शंकरराव चव्हाण दोनदा मुख्यमंत्री झाले, पण आमच्या भागात त्यांचे नाव घेतले जाते ते जायकवाडीसाठी. त्या धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली, तेव्हा मुख्यमंत्री विदर्भाचे होते. मराठवाड्याच्या माणसाने धरणाचा आग्रह धरला आणि विदर्भाच्या मुख्यमंत्र्याच्या कारकिर्दीत त्याचे काम सुरू झाले, ही गोष्ट "आपला माणूस" या हिशेबात बसत नाही. त्यामुळे निवडणुकीच्या पुरवणीत ती मला कधी वाचायला मिळाली नाही.

पुरवणीबद्दल मी ऐकीव बोलत नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत मी मराठवाड्यातल्याच दुसऱ्या एका जिल्ह्यात, एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात पाने लावत होते. दैनिकाचे नाव लिहीत नाही, कारण ही रीत त्या एकाच ठिकाणची नव्हती. मतदानाच्या आधीच्या दोन आठवड्यांत जाहिरात विभागाकडून रोज संध्याकाळी एक यादी येत असे, तिच्यात उमेदवाराचे नाव आणि त्यापुढे कॉलमांचा आकडा असे. त्या व्यवहाराला सगळे "पॅकेज" म्हणत. मजकूर उमेदवाराच्या कार्यालयातूनच टाइप होऊन येई, शीर्षकासह, आणि माझे काम फक्त शुद्धलेखन पाहून तो बातमीच्या टायपात बसवण्याचे होते. चौकट टाकायची नाही, "जाहिरात" हा शब्द टाकायचा नाही, अशी तोंडी सूचना होती. त्या मजकुरांत सर्वाधिक वेळा आलेले वाक्य "मराठवाड्याला पुन्हा नेतृत्वाची संधी" हे होते. एका रात्री विभागीय कार्यालयातून दुसऱ्या विभागाच्या आवृत्तीचे पान चुकून आमच्या संगणकावर आले. तोच फोटो, तीच मांडणी, आणि शीर्षकात मराठवाड्याच्या जागी त्या विभागाचे नाव होते. मी ते पान बंद केले आणि आमचे पान छपाईला सोडले. त्या रात्री मी काही बोलले नाही, याचे दुःख मला आजही आहे.

आवृत्त्यांची ही सोय वाचकाला दिसत नाही, म्हणून ती इतकी परिणामकारक आहे. नाशिकचा वाचक अकोल्याचे पान पाहत नाही आणि अकोल्याचा वाचक कोल्हापूरचे पाहत नाही. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच नावाच्या वर्तमानपत्रातून, प्रत्येक विभागाला "यंदा तुमचीच पाळी" असे सांगता येते. हल्ली हेच काम रील्स आणि व्हॉट्सॲपचे गट अधिक बारकाईने करतात, तालुक्याऐवजी गावापर्यंत पोचतात, एवढाच फरक आहे. तालुका वार्ताहराचाही दोष मी काढणार नाही, कारण ज्याला पगार जवळजवळ नाही आणि ज्याची कमाई जाहिरातींच्या कमिशनवर आहे, त्याने त्याच पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आणायची आणि त्याच्याच कालव्याची बातमी लिहायची, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

२००९ च्या त्या निवडणुकीत परस्परांच्या स्पर्धक दैनिकांत शब्दशः सारखा मजकूर छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी तारखांनिशी दाखवून दिले. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी अशा मजकुराचा खर्च निवडणुकीच्या हिशेबात दाखवला नाही, या आक्षेपावरून निवडणूक आयोगासमोर प्रकरण चालले, २०१४ साली आयोगाने त्यांना नोटीस दिली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला, हेही त्याबरोबरच सांगितले पाहिजे. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या दोन सदस्यांनी २०१० साली या विषयावर सविस्तर अहवाल तयार केला. पण परिषदेने तो पूर्ण प्रसिद्ध केला नाही, आणि केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो लोकांना वाचायला मिळाला. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवरचा अहवालही ज्या देशात मागून घ्यावा लागतो, तिथे परभणीच्या शेतकऱ्याने बातमी कोणती आणि जाहिरात कोणती हे ओळखावे, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो?

पाळीच्या चर्चेने नेमके काय झाकले जाते, हे २०१९ साली सगळ्या राज्याने पाहिले. २४ ऑक्टोबरला निकाल लागले आणि त्यानंतर जवळजवळ महिनाभर प्रत्येक वाहिनीवर भाजप आणि शिवसेना यांच्यातल्या अडीच-अडीच वर्षांच्या मुख्यमंत्रिपदाची चर्चा चालू होती. त्याच दिवसांत अवकाळी पावसाने काढणीला आलेले सोयाबीन शेतातच कुजत होते, कापूस भिजत होता. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली आणि त्यानंतर राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपयांची मदत जाहीर केली. आमच्या घरी वडील भिजलेल्या सोयाबीनची मूठ हातात घेऊन दूरदर्शन संचासमोर बसले होते आणि पडद्यावर कोण आधी आणि कोण नंतर याचा खल चालला होता. बुरशीने काळ्या पडलेल्या त्या शेंगांचा वास घरभर होता.

दुसरी गोष्ट तर फारशी कुणाच्या लक्षातही आली नाही. दांडेकर समितीने १९८४ साली पहिल्यांदा अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागांची तूट, मोजला, आणि तो ३,१८६ कोटी रुपयांच्या घरात निघाला. १९९४ साली विभागवार विकासावर लक्ष ठेवणारी वैधानिक विकास मंडळे आली. २०१३ साली केळकर समितीने तालुका हा घटक धरून विचार करण्याची शिफारस केली, म्हणजे चर्चा विभागाच्या अस्मितेवरून तालुक्याच्या विहिरीपर्यंत आणण्याचा प्रयत्न केला. मंडळांच्या कामात उणिवा होत्या, निधी त्यांच्या शब्दाने हलत नव्हता, हे मला मान्य आहे. पण कुणाचे किती राहिले हे विचारायची ती एक जागा होती. ३० एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या ऐन धांदलीत, त्यांची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. मुख्यमंत्री कोणत्या विभागाचा यावर ज्यांनी पानेच्या पाने भरली, त्यांनी या बातमीला किती कॉलम दिले हे आपापल्या दैनिकाच्या जुन्या अंकात जाऊन पाहावे.

म्हणून हे वाचणाऱ्या मित्रांना माझी एक विनंती आहे. २०२४ च्या निवडणुकीत मतदान २० नोव्हेंबरला होते. त्याआधीच्या आठवड्यातल्या आपापल्या जिल्हा आवृत्तीची पाने, विशेषतः पुरवण्या, कुणाच्या घरी, वाचनालयात किंवा रद्दीत असतील, तर ती फेकू नका, तारीख आणि आवृत्तीचे नाव दिसेल असा फोटो काढून मला पाठवा. विदर्भातल्या ६२, मराठवाड्यातल्या ४६ आणि उत्तर महाराष्ट्रातल्या ३५ मतदारसंघांत एकाच दिवशी कुणाला कोणती पाळी सांगितली गेली, हे मला शेजारी शेजारी ठेवून वाचायचे आहे. परभणीची सात पाने मी वडिलांच्या ट्रंकेत ठेवली आहेत, शेजपाळीच्या जुन्या कागदांच्या खाली.