आरोपीची बाजू घेतेय का मी? (कमेंटला उत्तर)

दादा, तुमची कमेंट वाचली. आमच्या ऐरोलीच्या ग्रुपवर एका स्कूल व्हॅनवाल्याचा फोटो 'हाच तो नराधम' म्हणून फिरला, तो फॉरवर्ड करू नका असं मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं की ही आरोपींची वकिली आहे, बदलापूरला शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला तेव्हा लोक रुळावर उतरले नसते तर काही झालंच नसतं, आणि माझ्या मुलीवर वेळ आली असती तर मी असं लिहिलं असतं का.

बदलापूरचं पूर्ण मान्य. तक्रार घ्यायलाच पोलिसांनी तासन्‌तास लावले, २० ऑगस्ट २०२४ ला लोकांनी लोकल अडवल्या तेव्हा कुठे यंत्रणा हलली. पोलिसांवरचा आणि शाळेवरचा तो राग बरोबरच होता. पण त्याच गर्दीत 'आत्ताच फाशी द्या' सुरू झालं, महिनाभरानंतर तळोजा जेलमधून नेताना आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गोळीने मेला आणि 'बदला पुरा'चे बॅनर लागले. त्या दोन चिमुरड्यांना काय मिळालं सांगा ना? त्याच्यावरचा खटला त्याच्याबरोबरच संपला, कोर्टाने साक्षीपुरावे तपासून 'हो, यानेच केलं' असं कधी म्हटलंच नाही. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांवर ठपका आला आणि सगळी चर्चा मुलींवरून एन्काउंटरवर गेली.

दुसरं, गुरुग्राम आठवा. सप्टेंबर २०१७, शाळेच्या बाथरूममध्ये सात वर्षांच्या मुलाचा खून, त्याच दिवशी बस कंडक्टरला पकडलं, चॅनेलवर त्याची 'कबुली' पण आली, अख्ख्या देशाने त्याला खुनी ठरवलं. नोव्हेंबरमध्ये सीबीआयने ताब्यात घेतलं ते त्याच शाळेतल्या एका मोठ्या विद्यार्थ्याला, आणि कंडक्टर नंतर आरोपातून सुटला. म्हणजे लोकांचं ऐकून तिथेच थांबले असते तर खरा तपास झालाच नसता, आणि त्यात नुकसान कोणाचं, त्या मुलाच्या आईबापाचंच ना.

माझ्या मुलीचं विचारलंत. तसं झालं असतं तर मी रागाने वेडी झाले असते, समोर जो आणून उभा केला असता त्याला मारलं असतं. म्हणूनच तर तेव्हा निर्णय माझ्या हातात नको, ज्याचं डोकं ठिकाणावर आहे अशा कोणाच्या तरी हातात हवा.

केसेस वर्षानुवर्षं चालतात हे खरंय आणि त्याची मलाही चीड येते. पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात खटला शक्यतो एका वर्षात संपवायचा असं स्पष्ट लिहिलंय, तरी तारखा पडत राहतात, त्यासाठी ठाणे कोर्टासमोर उभं राहायचं ठरवलंत तर सांगा, आमच्या बिल्डिंगमधल्या दोघीतिघी आणि मी नक्की येऊ.

आणि त्या फोटोखाली शाळेचं नाव आणि मुलीची इयत्ता लिहिलीय हे पाहिलंत का तुम्ही? पीडित मुलीची ओळख उघड करायला पॉक्सोमध्ये बंदी आहे. व्हॅनवाल्यावर अजून तक्रारसुद्धा नोंदलेली नाहीये. तिच्या घरच्यांना पोलीस स्टेशनला जायचं असेल तर मी सोबत जायला तयार आहे, नाहीतर चाइल्डलाइनचा १०९८ आहेच, पण तो फोटो तुमच्या ग्रुपवरून आजच काढायला सांगा.