वीचा रिमोट, दोन दिवे आणि अकरावीचं भौतिकशास्त्र : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया चिडून लिहिली असलीत तरी ती मुद्देसूद आहे, त्यामुळे नुसतं 'धन्यवाद' म्हणून सुटका करून घेत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : निन्टेन्डो वीचा (टीव्हीला जोडायच्या गेम कन्सोलचा) सेन्सर बार, म्हणजे टीव्हीजवळ ठेवायची पट्टी, काहीच मोजत नाही हे माझं वाक्य साफ चूक, कारण बारची वायर काढली की पडद्यावरचा पॉइंटर गायब होतो. दुसरं, रिमोटमधल्या अ‍ॅक्सिलरोमीटरच्या (त्वरण मोजणाऱ्या चिपच्या) आकड्यांचं दोनदा इंटिग्रेशन केलं, म्हणजे त्वरणावरून वेग आणि वेगावरून अंतर काढलं की रिमोटची जागा मिळते, हे अकरावीच्या मुलालाही कळतं, तेव्हा २००९ मध्ये आलेला मोशनप्लस, रिमोटला जोडायचा तो जादा भाग, म्हणजे निव्वळ पैसे काढायचा धंदा. आणि जाता जाता विचारलंत, की तुमचा पॉइंटर दुपारीच का उड्या मारतो.

आधी बार. वायर काढल्यावर पॉइंटर जातो, मान्य. पण दीपगृहाचा दिवा विझल्यावर बोट वाट चुकली, म्हणून दीपगृह बोटीवर नजर ठेवून होतं असं कुणी म्हणत नाही. बारच्या दोन टोकांना पाच-पाच इन्फ्रारेड एलईडी आहेत आणि वायरीतून त्यांना फक्त वीज मिळते. बघणारा डोळा तुमच्या हातात आहे : रिमोटच्या टोकाला, काळ्या प्लास्टिकच्या खिडकीमागे, एक छोटा कॅमेरा. तो चित्र पाठवतच नाही. समोरचे जास्तीत जास्त चार तेजस्वी ठिपके शोधतो आणि १०२४ बाय ७६८ च्या चौकटीत ते कुठे आहेत एवढे आकडे ब्लूटूथने कन्सोलला कळवतो. रिमोट उजवीकडे वळवला की ठिपके डावीकडे सरकतात, त्यावरून पॉइंटर हलतो. दोन ठिपक्यांतलं अंतर कमी झालं म्हणजे तुम्ही मागे गेलात, ठिपक्यांना जोडणारी रेघ तिरकी झाली म्हणजे मनगट वळलं.

पटत नसेल तर बार बंद करून त्याच्या जागी वीतभर अंतरावर दोन मेणबत्त्या लावा (पडद्यांपासून लांब, कृपा करून). पॉइंटर परत येईल. बॅटरीवर चालणारे, कन्सोलला न जोडलेले बारही बाजारात मिळायचे, ते याच जोरावर. आणखी एक गंमत बघा. सेटिंगमध्ये वी विचारतो, बार टीव्हीच्या वर ठेवलाय की खाली? कारण टीव्ही कुठे आहे आणि केवढा आहे, याचा रिमोटला पत्ताच नसतो. आपण पडद्यावर नेम धरतो खरे, पण त्याला दिसतात ते दोन दिवे. बाकी सगळा अंदाज.

आता दुसरा मुद्दा, आणि इथे मला जास्त बोलायचंय. दोनदा इंटिग्रेशनचं सूत्र बरोबरच आहे. अडचण अशी, की अ‍ॅक्सिलरोमीटरला हाताचा धक्का आणि गुरुत्वाकर्षण वेगळं कळत नाही. टेबलावर स्वस्थ पडलेला रिमोटही १ जी (गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण) दाखवतो. जागा काढायची तर हा १ जी नेमक्या दिशेने वजा करायला हवा, म्हणजे रिमोट कसा कलला आहे हे बिनचूक माहीत हवं. समजा कलाच्या अंदाजात फक्त १ अंशाची चूक झाली. साधारण ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं खोटं त्वरण उरतं. एका सेकंदात चूक साडेआठ सेंटिमीटर, दहा सेकंदांत साडेआठ मीटर. रिमोट तुमच्या हातात आणि गेमच्या मते शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात! शिवाय मूळ रिमोटमधली चिप साधारण ३ जीपर्यंतच मोजते. हात जोरात फिरवला की ती मर्यादा सहज ओलांडली जाते आणि नेमक्या फटक्याच्या क्षणाचे आकडे कापले जातात.

म्हणून तर २००६ च्या 'वी स्पोर्ट्स'मधल्या टेनिसमध्ये खेळाडू आपोआप धावतो. तुम्ही रिमोट कधी आणि कसा फिरवला एवढंच गेम बघतो. रिमोटचं टोक तळहाताने झाका : पॉइंटर जाईल, टेनिस चालू राहील.

मोशनप्लसमध्ये जायरो होता. तो फिरण्याचा वेग मोजतो, त्यामुळे कोन काढायला एकदाच इंटिग्रेशन पुरतं. रिमोट आडवा धरून डावी-उजवीकडे वळवला तर गुरुत्वाकर्षणाची दिशा त्याच्या दृष्टीने बदलतच नाही, म्हणून अ‍ॅक्सिलरोमीटरला हे वळणं कळत नाही. जायरोला कळतं. गेममधली तलवार हातात खरोखर फिरल्यासारखी वाटली ती त्यामुळे. अर्थात जायरोही हळूहळू भरकटतो, म्हणून गेम मधूनच रिमोट सपाट जागी पालथा ठेवायला सांगतो. हा भाग वेगळा विकत घ्यायला लावला याचा राग मला समजतो. २०१० मध्ये तो रिमोटच्या आतच आला, तो पहिल्यापासून तिथे असता तर बरं झालं असतं. पण धंदा होता म्हणून भौतिकशास्त्र खोटं ठरत नाही.

आणि जागा नुसत्या इंटिग्रेशनने मिळत असती, तर सोनीने त्याच वर्षी प्लेस्टेशन मूव्ह या आपल्या हातात धरायच्या रिमोटच्या टोकावर चमकता गोळा का बसवला असता? समोरचा कॅमेरा त्या गोळ्याचा दिसणारा आकार मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. आत अ‍ॅक्सिलरोमीटर, जायरो आणि मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा) असूनसुद्धा.

राहिला तुमचा दुपारचा पॉइंटर. टीव्हीच्या मागे किंवा बाजूला पश्चिमेची खिडकी आहे का? उन्हात भरपूर इन्फ्रारेड असतं. काचेवरची तिरीप किंवा चकचकीत शोपीसवरची चमक कॅमेऱ्याला तिसरा दिवा वाटू शकते. पडदा ओढून बघा. तरीही उड्या मारत असेल तर सेटिंगमध्ये सेन्सर बारची संवेदनशीलता कमी करा. तिथल्या पडद्यावर कॅमेऱ्याला दिसणारे ठिपकेच दाखवतात, दोनाहून जास्त दिसले की चोर कुठला ते लगेच कळेल.