मिसमॅच, मिसमॅच आणि फक्त मिसमॅच? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

महोदय,

"लॅटिस मिसमॅच कमी असला की फिल्म चांगली येते, पृष्ठभागाचं बाकी पुराण लेखकाने अज्ञान झाकायला लावलंय," असं तुम्ही स्फटिकाच्या तळावर वाढवलेल्या पातळ फिल्मवरच्या माझ्या लेखाबद्दल लिहिलंत. (लॅटिस मिसमॅच म्हणजे फिल्म आणि खालचा स्फटिक, म्हणजे सब्सट्रेट, यांच्या अणुजाळ्यांच्या मापांतली तफावत.) मतभेदाचं मला वावडं नाही. पण 'अज्ञान झाकायला' हे कशासाठी? एवढं वगळून मुद्दा मांडता आला नसता का?

लेख लांबला, शिवाय कुठे नॅनोमीटर तर कुठे अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग) असं झालंय, हे मान्य.

आता तुमचाच नियम लावू. सब्सट्रेट मॅग्नेशियम ऑक्साइडचा, त्याचा लॅटिस स्थिरांक (जाळीच्या एककाची बाजू) ४.२१२ अँगस्ट्रॉम, त्याची दुप्पट ८.४२४. वरची फिल्म मॅग्नेटाइटची (चुंबकीय लोह ऑक्साइड), तिचा ८.३९६. तफावत जेमतेम ०.३ टक्के! म्हणजे तुमच्या हिशोबाने फिल्म निर्दोष हवी. मग कित्येक टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र देऊनही तिचं चुंबकत्व पूर्ण संपृक्त का होत नाही?

कारण मॅग्नेटाइटच्या जाळीचं एकक प्रत्येक बाजूने दुप्पट मोठं आहे. वाढीची पहिली बेटं (अणूंचे सुरुवातीचे सुटे पुंजके) कुठून सुरू व्हावीत हे खालचा पृष्ठभाग सांगतच नाही, त्याला त्या सगळ्या जागा सारख्याच. ऑक्सिजनची जाळी सलग राहते, पण लोहाच्या अणूंची मांडणी बेटागणिक सरकलेली असते. बेटं एकमेकांना भिडली की तिथे अँटीफेज बाउंडरी, म्हणजे मांडणी न जुळणारी शिवण. तिच्या आरपार अनेक ठिकाणी लोह-ऑक्सिजन-लोह हा कोन १८० अंशांचा होतो आणि दोन्हीकडचे स्पिन (अणूंच्या चुंबकत्वाच्या दिशा) उलटसुलट जखडले जातात, म्हणून फिल्म पूर्ण संपृक्त होत नाही. मिसमॅचच्या आकड्यात यातलं काही दिसतं का? नाही दिसत.

स्ट्रॉन्शियम टायटनेटवर मँगनाइटच्या (मँगनीजच्या ऑक्साइडच्या) फिल्म वाढवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. एकाच खोक्यातले सब्सट्रेट, मिसमॅच तोच. बफर्ड एचएफमध्ये (सौम्य केलेल्या हायड्रोफ्लोरिक आम्लात) एच करून, म्हणजे वरचा थर खरवडून, तापवलेल्यावर टायटॅनियम ऑक्साइडचा एकसारखा थर आणि स्वच्छ पायऱ्या मिळत, रीडची ऑसिलेशन्स टिकत (रीड म्हणजे पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनचा तिरपा झोत टाकून वाढ पाहण्याची पद्धत; थरागणिक तेज वरखाली होतं ती ऑसिलेशन्स). नुसत्या पुसून घेतलेल्यावर ती लवकरच विझत. ही एचिंगची पद्धत १९९४ पासून छापील आहे, माझ्या अज्ञानातून निघालेली नाही. रीडच्या पडद्यासमोर रात्री काढलेल्या माणसाला 'पुराण' ऐकवण्याआधी स्वतः एखादी फिल्म वाढवून बघितली असतीत तर बरं झालं असतं.

राहता राहिला जास्त तापमानाला सब्सट्रेटमधलं मॅग्नेशियम फिल्ममध्ये शिरतं हा तुमचा मुद्दा. शिरतं. पण तो लेखाचा विषय नव्हता. ऑक्सिजनच्या दाबाचंही तेच.

यापुढे मिसमॅचचा आकडा देताना सब्सट्रेट कसा एच केला, किती तापवला तेही लिहा. मग बोलू.