आलेख पुढे ओढला म्हणजे भाकीत होत नाही
अमेरिकेच्या दक्षिणेकडील उष्ण शहरे वाढतच राहतील आणि उत्तरेकडील ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांकाठची शहरे ओसरत जातील, हा शहरांच्या भवितव्यावरील लेखातील निष्कर्ष मला पटला नाही. १९७१ पर्यंत सिॲटलमधल्या बोइंग या विमान कंपनीतील नोकऱ्या एक लाखाच्या आसपासवरून चाळीस हजारांच्या खाली आल्या, तेव्हा त्या शहराच्या विमानतळाजवळ एक फलक लागला होता: ‘सिॲटल सोडणारा शेवटचा माणूस दिवे मालवून जाईल का?’ त्या वेळचा आलेख पुढे ओढला असता तर हे शहर संपल्यातच जमा होते. पण १९७९ मध्ये मायक्रोसॉफ्टने न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्कीहून आपले बिऱ्हाड सिॲटलच्या शेजारी हलवले, आणि त्यामागचे मोठे कारण संस्थापकांचे घर तिथे होते, हे होते. असे कारण कोणत्या गणितात धरणार?

ग्रेट लेक्स भागातील डेट्रॉइटबाबतही लेखात शहर आणि महानगर प्रदेश यांची गल्लत झाली आहे. शहराची लोकसंख्या १९५० मधील साडेअठरा लाखांवरून २०२० मध्ये ६.४ लाखांवर आली हे खरे, परंतु भोवतालचा प्रदेश १९७० पासून ४४ लाखांच्या आसपास टिकून आहे. माणसे बव्हंशी उपनगरांत गेली.

दक्षिणेकडील शहरांपैकी ॲरिझोना राज्यातील फिनिक्सची मला खरोखर काळजी वाटते. २०२३ मध्ये तिथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंश सेल्सिअसच्या वर जात होता, तापलेल्या रस्त्यावर पडलेली माणसे भाजून रुग्णालयात दाखल होत होती, आणि त्याच वर्षी फिनिक्स परिसरात केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींना परवानगी देणे ॲरिझोनाने थांबवले. पाण्याचा हा हिशेब लेखात एका ओळीतही येऊ नये, याचे वाईट वाटले.