सतरावा दिवस चुकला, मग?

कॉलेजं सुरू झाली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज ठरलेला. यंदा जूनमध्ये तो मुंबईच्या काकांनी टाकला. 'अभ्यास सलग २१ दिवस करा, सवय लागलीच म्हणून समजा. एक दिवस जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून. पहाटे चारला उठा. प्रत्येक धडा दहा वेळा वाचा, जन्मभर विसरणार नाही.' खाली उगवता सूर्य आणि जोडलेले हात.

मी तो पुसून टाकला असता. पण मालवणजवळच्या आचऱ्याची माझी भाची यंदा एसवायबीएस्सीला आहे, तिने तो मनावर घेतला. कपाटाच्या दाराला आतून कॅलेंडरचं पान चिकटवलं आणि रोज एक फुली. सतराव्या दिवशी पावसात वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. रात्री फोन : "मामा, माझो सतरावो दिवस चुकलो. आता परत पयल्यापासून सुरू करूचा लागतला." एटीकेटी लागल्यासारखा आवाज.

तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

'२१ दिवसांत सवय लागते.' हा आकडा अभ्यासाच्या सवयीवरून आलेलाच नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. १९६० साली त्यांनी पुस्तकात लिहिलं की शस्त्रक्रियेनंतर आपला नवा चेहरा किंवा नवं नाक अंगवळणी पडायला रुग्णाला साधारण किमान २१ दिवस लागतात. हातोहात फिरता फिरता त्यातलं 'किमान' गळालं आणि नाकाचा नियम वहीपुस्तकाला लागला. अहो, नाक तोंडावर असतंच, त्यासाठी कुणाला उठून बसावं लागत नाही.

सवयीचं खरं मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलं. ९६ जणांनी आपापली एक छोटी गोष्ट निवडली आणि १२ आठवडे रोज तिची नोंद ठेवली. ती गोष्ट विचार न करता हातून व्हायला लागायचे दिवस काढले, तर मधला आकडा आला ६६. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ दिवसांवर गेला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाची रेंगाळली. अभ्यास कुठल्या बाजूला मोडतो ते ज्याचं त्याने ठरवावं.

'एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून.' माझा खरा राग या वाक्यावर आहे. लॅलींच्याच नोंदींत दिसतं की एखादा दिवस हुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर सलग २१ दिवस मिळतात कुणाला? वादळी पावसात वीज जाते, एखाद्या दिवशी एसटीच येत नाही. मग गणपती. चाकरमानी आले की तीन खोल्यांच्या घरात वीस माणसं, अभ्यासाचं टेबल माळ्यावर आणि त्याच्या जागी मखर. आचऱ्याला तर काही वर्षांनी गावपळण असते. तीन दिवस सगळा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर, राहुटीत. तिथे कुठली फुली मारणार? हा नियम पाळायचा तर इथल्या पोराने जन्मभर पहिल्याच दिवशी बसायचं.

सवय तारखेला चिकटत नाही, ती रोज घडणाऱ्या प्रसंगाला चिकटते. न्याहारी झाली की अमुक, दिवा लावला की तमुक. भाचीला विचारलं, तुझं जवळजवळ रोज काय होतं? ती म्हणाली, सकाळची मालवणची एसटी. पाऊणएक तास. खिडकीची जागा मिळाली तर उत्तमच, पण वीज लागत नाही आणि पाहुणेही बसत नाहीत. मग ठरलं, कंडक्टरने तिकीट फाडलं की वही उघडायची.

'पहाटे चारला उठा.' आमच्याकडे चारला उठणाऱ्यांची वाण नाही. पण रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मासळीचं जाळं ओढायला, जाणारा माणूस रात्री नऊला आडवा होतो, हे मेसेजवाले सांगत नाहीत. विशीच्या आसपास झोपेचं घड्याळ मुळातच उशिरावर गेलेलं असतं. बाराला झोपून चारला उठलेला मुलगा पुस्तकावर डुलक्या घेतो, आणि वाचलेलं डोक्यात मुरायला जी झोप लागते तीच तो कापतो. ज्याला पहाट मानवते त्याने खुशाल उठावं. जत्रेतलं रात्रभराचं दशावतारी नाटक संपवून घरी येणाऱ्याने मात्र नको.

'दहा वेळा वाचा.' २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी कागद मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्याने पारडं फिरलं : लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि आपल्याला येतंय असा भास होतो. पेपरात ओळी समोर नसतात.

म्हणून भाचीच्या वहीत आता डाव्या पानावर नुसते प्रश्न, उत्तरं मागच्या बाजूला. बसमध्ये प्रश्न वाचायचा, बाहेर बघत उत्तर मनात जुळवायचं आणि मगच पान उलटायचं. चुकलेल्यावर पेन्सिलीची टिंब. टिंबवाला प्रश्न दोन दिवसांनी पुन्हा. पहिल्या आठवड्यात ती वैतागली होती, "वाचताना सगळा येता, मिटल्यार कायच येना नाय." तेच तर कळायला हवं होतं.

गणपतीत सात दिवस वहीला हात लागला नाही. आठव्या दिवशी तिकीट फाटलं, वही उघडली, आणि कोळंबचा पूल येईपर्यंत चारांतले तीन प्रश्न सुटले. चौथा तिने फोन करून मला विचारला. मलाही आला नाही.